घाईचा भाव

नव्या व्हिडिओ गेमच्या खर्चाचे तीन भाग पडतात : यंत्राचा, गेमचा आणि घाईचा. पहिले दोन भाग सगळ्यांना कळतात, त्यांच्यावरून घरोघरी भांडणे होतात. तिसऱ्यावरून भांडण होत नाही, कारण तो ‘डिलक्स आवृत्ती’ असे नाव लावून येतो आणि वडीलधाऱ्यांना वाटते, की त्यात काहीतरी जास्त मिळत असेल.

यंत्र जुने झाले, की स्वस्त होते, हा बाजाराचा रिवाज. प्लेस्टेशन २ अमेरिकेत २००० साली २९९ डॉलरला आले आणि २००९ साली ९९ डॉलरवर उतरले. प्लेस्टेशन ५ ने हा रिवाज मोडला. भारतात ते २ फेब्रुवारी २०२१ रोजी ४९,९९० रुपयांना आले. दोन वर्षांच्या आतच, नोव्हेंबर २०२२ मध्ये, तेच यंत्र ५४,९९० रुपयांचे झाले. अमेरिकेतही २०२० सालचे ४९९ डॉलरचे यंत्र ऑगस्ट २०२५ मध्ये ५४९ डॉलरवर गेले. त्यातच २०२५ च्या अखेरीस मेमरी चिपांचे भाव भडकले, कारण कृत्रिम बुद्धिमत्तेच्या डेटा सेंटरांनी त्या उचलायला सुरुवात केली. दुष्काळी माण तालुक्यातल्या म्हसवडच्या पोराने संध्याकाळी गाडी पळवावी की नाही, हे आता सातासमुद्रापलीकडच्या एका थंडगार खोलीच्या भुकेवर ठरते. एवढे मात्र मान्य करावे लागते, की ५५,००० रुपये मोजणाऱ्याला दहा रुपये परत मिळतात. म्हसवडच्या स्टँडवर त्यात एक चहा होतो.

गेमचा भाव अमेरिकेत बरीच वर्षे ६० डॉलरवर थबकला होता. २०२० मध्ये तो ७० झाला आणि जून २०२५ मध्ये ‘मारिओ कार्ट वर्ल्ड’ने ८० गाठले. भारतात प्लेस्टेशन ५ सोबत आलेल्या मोठ्या गेमांवर ४,९९९ रुपये छापलेले होते. इथे परत मिळतो एक रुपया. या रुपयाला इतिहास आहे. १९९० च्या दशकात महाराष्ट्राच्या तालुक्यातालुक्यांतल्या गेम पार्लरमध्ये एका रुपयाचे एक कॉइन मिळे आणि त्यावर ‘मुस्तफा’ खेळता येई. या गेमचे खरे नाव ‘कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स’, साल १९९३. पण ते नाव आपल्याकडच्या कुठल्या पार्लरमध्ये कोणी उच्चारल्याची नोंद नाही. हात बसलेला खेळाडू त्या एका कॉइनवर शेवटपर्यंत जाई, मागे दहा जण उभे राहून बघत आणि पार्लरवाला मेन स्विचकडे बघे. ४,९९९ रुपयांत असे ४,९९९ डाव होतात. उरलेल्या रुपयात पाच हजारावा.

आता तिसरा भाग. मोठा गेम ठरलेल्या तारखेला निघतो. पण जादा पैसे भरून डिलक्स आवृत्ती घेणाऱ्याला तो काही दिवस आधी खेळता येतो. ‘हॉगवर्ट्स लेगसी’ १० फेब्रुवारी २०२३ रोजी निघाला, डिलक्सवाल्यांना ७ फेब्रुवारीला मिळाला : तीन दिवस आधी. त्याच वर्षी ‘डायब्लो ४’ चार दिवस आधी आणि ‘स्टारफील्ड’ पाच दिवस आधी देण्यात आला. जाहिरातीच्या भाषेत ही विशेष सोय असते. प्रत्यक्षात गेम तयार होऊन पडलेला असतो आणि पूर्ण किंमत मोजणाऱ्याला तो तीन दिवस मुद्दाम दिला जात नाही. विक्रीची खरी तारीख ७ फेब्रुवारी. १० फेब्रुवारी ही साध्या गिऱ्हाइकाला केलेल्या शिक्षेची मुदत आहे.

हे तीन दिवस म्हसवडमध्ये कसे पडतात, हे पाहणे उद्बोधक ठरते. आजचा मोठा गेम १५० जीबी जागा मागतो. ‘रेड डेड रिडेम्प्शन २’ आणि ‘बाल्डर्स गेट ३’ या दोघांचीही संगणकावरची अधिकृत मागणी तेवढीच आहे. डिस्क घेतली तरी बऱ्याच गेमांचा मोठा हिस्सा नेटवरूनच उतरवावा लागतो. मोबाइलचा रोज दोन जीबीचा पॅक धरला, तर १५० जीबीला ७५ दिवस लागतात. समजा, डिलक्सवाल्या मुलाने नरक चतुर्दशीला पहिली आंघोळ करून, कारीट फोडून, डाउनलोडचे बटण दाबले. तुळशीच्या लग्नाला २६-२७ जीबी उतरलेले असतात. मार्गशीर्ष शुद्ध प्रतिपदेला सिद्धनाथाचा रथ निघतो, तेव्हा गाडी चाळीस टक्क्यांच्या आसपास असते. त्या दिवशी गावात मुंगीला वाट नसते आणि प्रत्येकाच्या हातात मोबाइल असतो, त्यामुळे रेंज गुलालात हरवते आणि त्या दिवसाचे दोन जीबी मध्यरात्री न वापरता मावळतात. दरम्यानच्या काळात घरातल्या बाकीच्यांनी काय करायचे, याचे उत्तर जाहिरातीत नसते. आजीचे कीर्तन गोल गोल फिरत राहते, वडिलांना डाळिंबाचा भाव दुसऱ्याच्या मोबाइलवर बघावा लागतो आणि आईच्या व्हिडिओ कॉलवर मामाचा फक्त कान दिसतो. संक्रांतीच्या आगेमागे १५० जीबी पुरे होतात. इकडे साधी आवृत्ती घेणाऱ्या मित्राने तीन दिवस उशिरा बटण दाबलेले असते, म्हणून त्याचे डाउनलोड तीन दिवस उशिरा संपते. म्हणजे कबूल केल्याप्रमाणे डिलक्सवाला तीन दिवस आधीच खेळायला बसतो. शब्द पाळला जात नाही, असे कोणालाही म्हणता येणार नाही. काही गेम विक्रीच्या दोन दिवस आधीपासून उतरवून ठेवता येतात. अशा वेळी वरील हिशेबातून दोन दिवस वजा करावेत. बसल्या बसल्या ३० जीबीची दुरुस्ती आल्यास पंधरा दिवस मिळवावेत. ज्यांच्याकडे फायबर आहे त्यांना हा हिशेब लागू नाही. त्यांना जेसीबी लागू आहे. कुठल्याशा पाइपलाइनसाठी चर खणताना त्याने केबल उचलली, की फायबरवालाही दोन जीबीवाल्यांच्या रांगेत येऊन उभा राहतो आणि शेजाऱ्याकडे हॉटस्पॉट मागतो.

तुलनेसाठी नोंद : १९८५ चा ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ ४० केबीचा होता. १०० जीबीच्या गेमात असे २५ लाख मारिओ मावतात.

घाईचे पैसे भरून नेमके काय हाती येते, याचे उत्तर ‘सायबरपंक २०७७’ने दिले. हा गेम १० डिसेंबर २०२० रोजी निघाला. जुन्या कन्सोलवर तो इतका अडखळत चालला, की आठवडाभरात प्लेस्टेशनच्या ऑनलाइन दुकानातून काढून घ्यावा लागला आणि थेट जून २०२१ मध्ये परत आला. पुढच्या दोन-तीन वर्षांत दुरुस्त्या होत होत तो खरोखर चांगला झाला, आणि तोवर सवलतीत निम्म्या भावाला मिळू लागला. पहिल्या दिवशी धावत गेलेल्याने पूर्ण पैसे देऊन मोडका गेम घेतला. आळसाने थांबलेल्याला निम्म्या पैशांत नीट गेम मिळाला. जगातल्या बाकीच्या धंद्यांत माल तपासणाऱ्याला पगार देतात. या धंद्यात तपासणाराच पैसे भरतो आणि लवकर तपासायला मिळावे म्हणून जादा भरतो.

इथवर हसता येते. पुढचा प्रकार हसण्यासारखा नाही. ‘द क्रू’ हा गाड्यांच्या शर्यतीचा गेम २०१४ मध्ये पूर्ण किमतीला विकला गेला. ३१ मार्च २०२४ रोजी त्याचा सर्व्हर बंद करण्यात आला आणि त्या दिवसापासून तो एकट्याने खेळणाऱ्यालाही चालू करता येईना. डिस्क कपाटात आहे, पावती आहे, यंत्र आहे, वीज आहे, गेम नाही. म्हसवडला घोंगडी विणतात. घोंगडी घेतली, की ती घेणाऱ्याची झाली; दहा वर्षांनी विणणारा रात्री घरात शिरून अंगावरची ओढून नेत नाही, आणि नेलीच तर त्याला चोर म्हणतात. इथे मात्र त्याला ‘अटी व शर्ती’ म्हणतात. अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्याने १ जानेवारी २०२५ पासून एवढे केले, की ऑनलाइन दुकानाने गिऱ्हाइकाला आधीच स्पष्ट सांगावे : ही मालकी नाही, परवाना आहे. चोरी थांबवली नाही, चोराला आधी दार वाजवायला सांगितले. आपल्याकडे तेवढेही नाही. पाच हजार रुपये ही दुष्काळी तालुक्यात कुणाच्या तरी दहा-बारा दिवसांच्या रोजंदारीची रक्कम आहे. ती पूर्ण घ्यायची आणि वस्तू उसनी द्यायची, याला व्यापार म्हणत नाहीत. गेम बंदच करायचा असेल, तर जाता जाता तो सर्व्हरशिवाय चालेल एवढी तजवीज करून द्यावी, ही मागणी कुठल्याही शहाण्या माणसाला वाजवी वाटेल. तिला ‘तांत्रिक अडचण’ हे उत्तर मिळते. २५ लाख मारिओ एका गेमात कोंबणाऱ्यांना ही अडचण सुटत नाही.

जुना गेम जुन्या भावात घेऊ म्हटले, तर तिथेही पाळत आहे. ‘जीटीए : व्हाइस सिटी’ (२००२) हा महाराष्ट्रात सायबर कॅफेंनी घरोघरी पोहोचवलेला गेम. नोव्हेंबर २०२१ मध्ये तो आणि त्याची दोन भावंडे नव्या रंगात ६० डॉलरला विकायला काढली आणि त्याआधीच मूळ आवृत्त्या ऑनलाइन दुकानांतून उचलण्यात आल्या. नव्या आवृत्तीतला पाऊस एवढा दाट होता, की पलीकडचा रस्ता दिसेना, आणि शहरातल्या पाट्यांवर शुद्धलेखनाच्या नव्या चुका झाल्या. बोंब झाली तेव्हा संगणकावरच्या मूळ आवृत्त्या परत देण्याची घोषणा करावी लागली. अमेरिकेत २०१० पूर्वी निघालेल्या गेमांपैकी ८७ टक्के गेम आज बाजारात मिळतच नाहीत, असे २०२३ च्या एका पाहणीत आढळले. म्हणजे जुना गेम विकत घ्यायला निघालेला माणूस बहुतेक वेळा रिकाम्या दुकानापुढे उभा असतो. आणि त्याने मग दुसरीकडून मिळवला, की त्याला चोर म्हणायला सगळे हजर.

तरीही स्वस्तात खेळण्याचे रीतसर मार्ग शिल्लक आहेत. त्यांचा क्रम असा.

पहिला मार्ग थांबण्याचा. निघालेला गेम दोन वर्षे घेऊ नये. दोन वर्षांत भाव उतरतो, चुका दुरुस्त होतात आणि गेम बंद पाडणार असतील तर तेही कळते. ‘द विचर ३’ मे २०१५ मध्ये निघाला. डिसेंबर २०२२ मध्ये त्याला नव्या यंत्रांसाठी मोठी सुधारणा मिळाली, तीही फुकट. साडेसात वर्षे थांबलेल्याला एक पैसा जादा पडला नाही.

दुसरा मार्ग डिस्कचा. डिस्क खेळून झाल्यावर विकता येते, मित्राशी बदलता येते. ऑनलाइन घेतलेला गेम विकता येत नाही आणि बिनडिस्कचे यंत्र दहा हजारांनी स्वस्त असते ते याच भरवशावर.

तिसरा मार्ग जुन्या संगणकाचा. ‘व्हाइस सिटी’ला एक जीबीहून कमी जागा आणि १२८ एमबी मेमरी पुरत असे. ‘एनएफएस मोस्ट वाँटेड’ (२००५) आणि ‘क्रिकेट ०७’ यांनाही आजच्या हिशेबाने भंगार समजला जाणारा संगणक चालतो. ‘क्रिकेट ०७’ची पुढची आवृत्ती कधी आलीच नाही, त्यामुळे तो गेम जुना झाल्याचे कोणाला सिद्ध करता आलेले नाही.

चौथा मार्ग फुकट, तरी कायदेशीर. ‘ट्रान्सपोर्ट टायकून’ या १९९० च्या दशकातल्या गेमवरून हौशी लोकांनी ‘ओपनटीटीडी’ केला. तो २००४ पासून कोणालाही उतरवून घेता येतो आणि दोन जीबीच्या पॅकमध्ये पहिल्याच दिवशी दुपारपर्यंत येऊन बसतो. ‘बिनीथ अ स्टील स्काय’ हा १९९४ चा गेम २००३ मध्ये त्याच्या कर्त्यांनीच मोफत केला. जुन्या डॉसवरचे गेम आजच्या संगणकावर ‘डॉसबॉक्स’मध्ये चालतात, आणि तोही फुकट आहे. जुन्या कन्सोलची नक्कल करणारी एम्युलेटर सॉफ्टवेअरे वापरण्यास हरकत नाही. त्यांत घालायचा गेम मात्र आपला असावा.

‘९९९९ इन १’ची पिवळी कॅसेट हा पाचवा मार्ग मानावा की नाही, याबद्दल मतभेद आहेत. तीत ‘कॉन्ट्रा’, ‘टँक’, ‘मारिओ’ असे मोजके गेम असत आणि उरलेल्या हजारोंमध्ये तेच गेम फिरून फिरून येत. तो माल नकली होता आणि आकडा उघड खोटा होता. पण कॅसेट फुंकून खाचेत बसवली, की लगेच सुरू होई, आणि आधी खेळण्याचे जादा पैसे कोणी मागत नसे.

म्हसवडमध्ये, माणमध्ये किंवा आणखी कुठे, ज्या घरात नव्या गेमचा हट्ट चालू असेल, त्या घराने दोन गोष्टी कराव्यात. डिलक्स आवृत्ती घेऊ नये. आणि माळ्यावरचा जुना संगणक भंगारवाल्याच्या गाड्यावर चढवण्याआधी त्यावर ‘व्हाइस सिटी’ चालते का, ते एकदा पाहावे.