असिस्टचा रकाना

पाच फूट दोन इंच. ही उंची बुटांसकट, आणि बुटात दोन सुकतळे जादा. एवढ्या भांडवलावर बड्डेने बास्केटबॉल खेळायचं ठरवलं तेव्हा त्याच्या वडिलांनी एकच प्रश्न विचारला, "हॉकी का नाही?" प्रश्न रास्त होता. जबलपूर हे हॉकीचं गाव. ध्यानचंदांचे धाकटे बंधू रूपसिंग जन्मले ते इथंच. शिवाय हॉकीत चेंडू जमिनीवर असतो आणि बड्डेला फारसं वाकावंही लागलं नसतं. पण ज्या खेळात आपलं काही काम नाही तोच खेळ काही माणसांना बोलावतो. आमच्या सिविल लाइंसमध्ये अशी माणसं पुष्कळ. आमच्या गल्लीत एक गृहस्थ होते, ते सुरांना पारखे असून दर गणपतीत नाट्यगीत म्हणत.

जबलपुरात कुणीही कुणालाही बड्डे म्हणतं. पानवाला गिऱ्हाइकाला म्हणतो, गिऱ्हाईक पानवाल्याला. तसंच त्यालाही म्हणत. त्यात थट्टा आहे असं नागपूर-पुण्याहून आलेल्या पाहुण्यालाच वाटायचं.

प्रत्येक कॉलेजच्या संघात असा एक असतोच. मैदानावर सगळ्यांच्या आधी हजर. हवा भरायचा पंप त्याच्या पिशवीत, पंपाची पिन त्याच्या शर्टाच्या खिशात, आणि सामन्याला किती वाजता निघायचं ते फक्त त्याला ठाऊक. कॅप्टन दुसराच कुणीतरी असतो. प्रशिक्षक मुलं मोजतात तेव्हा एक कमी भरतो, पुन्हा मोजतात, तरी कमीच. मग हा मागून हात वर करतो, आणि तो हातही कुणाच्या तरी खांद्याआड जातो.

बास्केटबॉलचा जनक जेम्स नायस्मिथ याच्यावर बड्डेचा मनापासून राग. १८९१ साली अमेरिकेतल्या स्प्रिंगफील्डच्या व्यायामशाळेत नायस्मिथने पीच फळांच्या दोन टोपल्या गॅलरीच्या कठड्याला ठोकल्या. कठडा दहा फुटांवर होता. झालं! तेव्हापासून आजतागायत जगभर रिंग दहा फुटांवर. "कठडा सात फुटांवर असता तर?" बड्डे विचारायचा. तरीही ती तुझ्या डोक्यावर जवळजवळ दोन फूट राहिली असती, असं कुणी म्हटलं की उत्तर तयार, "पण तुमचा माज तर उतरला असता ना बे!"

उंचीसाठी घरचे उपाय झाले. अश्वगंधा घातलेलं दूध झालं. आजीने सांगितलं म्हणून रेल्वे क्वार्टरच्या अंगणातल्या पेरूच्या फांदीला तो रोज सकाळी लोंबकळू लागला. वर्षभरात फांदी चांगली चार बोटं खाली आली.

त्याची जागा पॉइंट गार्डची. म्हणजे चेंडू आपल्या अर्ध्यातून पलीकडे न्यायचा, कोण कुठं मोकळा आहे ते हेरायचं आणि त्याच्या हातात चेंडू आयता पोहोचवायचा. पंगतीत उभा राहून 'इकडे मठ्ठा, तिकडे जिलबी' असा पुकारा करणारा आणि स्वतः शेवटच्या पंगतीला गार वरणभात जेवणारा जो माणूस असतो, तोच हा, फक्त अर्ध्या चड्डीत. हे काम बड्डेला अप्रतिम जमायचं. खरंच अप्रतिम. चेंडू जमिनीपासून वीतभर उंचीवर ठेवून तो पळायचा, आणि त्या उंचीवर हात घालायला सहाफुट्यांना कमरेत मोडून खाली यावं लागे. तोवर हा निघून गेलेला असे. डावीकडे बघून उजवीकडे पास द्यायचा. आमच्या सिमेंटच्या कोर्टाला मधोमध एक लांबलचक भेग होती. तिच्यावर चेंडू आपटला की कुठल्या बाजूला उडणार हे एकट्या बड्डेला माहीत होतं, आणि पाहुण्या संघाच्या गार्डला तो बरोब्बर त्या भेगेकडे हाकत न्यायचा.

मी सहा फूट एक इंच. मला खेळ फारसा येत नसे. हात मात्र पोहोचत असे, आणि या खेळात तेवढं पुष्कळ. रिंगखाली उभं राहायचं, बड्डेचा पास आला की वर ठेवायचा. रिंगखालच्या रंगवलेल्या चौकटीत तीन सेकंदांपेक्षा जास्त थांबायचं नाही असा नियम आहे. त्या नियमाची आणि माझी कधी ओळख झाली नाही. तरी दुसऱ्या दिवशी पेपरात नाव यायचं ते माझं.

बड्डेचं खरं दुःख तिथं नव्हतं, सामन्याच्या टेबलावर होतं. तिथं एक मोठा कागद पसरलेला असतो, स्कोअरशीट. आंतरराष्ट्रीय संघटनेने ठरवून दिलेला नमुना. दोन गुण झाले की धावत्या गुणसंख्येवर तिरकी रेघ. फ्री थ्रो आत गेला की भरीव ठिपका. तीन गुण झाले की खेळाडूच्या नंबराभोवती गोल. मैदानात उतरला की नावापुढे फुली, फाउल केला की 'पी'. असिस्टला काही नाही. रकानाच नाही! ज्या पासवर बास्केट झालं तो पास कुणी दिला, हे त्या कागदाच्या लेखी कुणालाच माहीत नसतं; चेंडू जणू चिंचेवरून पडला. बी.ए.च्या तीन वर्षांत बड्डेने जे काही केलं त्याची अधिकृत नोंद जवळजवळ एवढीच : फुल्या, आणि बऱ्यापैकी 'पी'. कारण त्याचा हात समोरच्याच्या कमरेपर्यंतच पोहोचायचा आणि पंचांना ते आवडत नसे.

दुसरा कुणी असता तर त्याने हे पोटात घातलं असतं. आपल्याकडे अशा माणसाला लोक निरपेक्ष वगैरे म्हणतात आणि तो बिचारा त्या कौतुकावर आयुष्य काढतो. बड्डेचे वडील रेल्वेच्या लेखा विभागात होते. त्या घरात गवळ्याच्या रतिबालासुद्धा व्हाउचर फाडलं जाई. बड्डेने लाल पुठ्ठ्याची, लांबट, खतावणीची वही आणली आणि प्रत्येक खेळाडूच्या नावाने खातं उघडलं. सामना संपला की बाकीचे नळाखाली डोकं धरून उभे असत. हा कट्ट्यावर मांडी घालून नोंदी करत असे. तारीख, प्रतिस्पर्धी, डावा हात की उजवा, टप्पा की थेट. शेवटी एक शेऱ्याचा रकाना. माझ्या पानावर बहुतेक सगळीकडे एकच शेरा : 'हातात नेऊन दिला.'

"अबे लंबू, या महिन्यात माझे एकोणीस झाले तुझ्याकडं."

"मी काय ते घरी घेऊन गेलो का?"

"पेपरात नाव कोणाचं छापून येऊन राहिलं?"

यावर उत्तर नसे. पंचवीस असिस्टमागे खव्याच्या जिलबीची एक प्लेट असा दर ठरलेला होता. ती जिलबी म्हणजे जबलपूरची खासियत, काळपट, जड, दोन खाल्ल्या की दुपारची झोप नक्की. सायकली काढून आम्ही कमानिया गेटपर्यंत जायचो. जाताना हा माझ्या सायकलच्या दांडीवर बसायचा आणि मागची बाकी वाचून दाखवायचा.

खोलीत भिंतीवर मग्सी बोग्सचं चित्र, कुठल्याशा इंग्रजी मासिकातून कापलेलं. बोग्स पाच फूट तीन इंचांचा, एनबीएच्या इतिहासातला सगळ्यांत बुटका खेळाडू. १९८७ साली वॉशिंग्टनच्या संघात गेला तेव्हा त्याच संघात सात फूट सात इंचांचा मनुट बोल होता. दोघांना शेजारी उभं करून फोटो काढायची छायाचित्रकारांना कोण हौस! पुढे शार्लटच्या संघात तो गाजला, एकूण चौदा हंगाम खेळला आणि साडेसहा हजारांहून जास्त असिस्ट त्याच्या नावावर लागले. हा आकडा आपल्याला कळतो, कारण तिकडे ते मोजून ठेवतात. हे चित्र पाहून बड्डेला स्फूर्ती मिळत असेल असा आमचा समज. एकदा विचारलं तर म्हणाला, "त्याचं काय, त्याला उंचीचा फायदा मिळून राहिला."

वरच्या संघाच्या निवड चाचणीला आम्ही दोघं गेलो होतो. निवड करणाऱ्या गृहस्थांनी मुलांना उंचीप्रमाणे उभं केलं आणि मोठ्या बाजूने मोजायला सुरुवात केली. बारा झाल्यावर थांबले, कारण संघ बाराचा. मग रांगेच्या टोकाला नजर गेली आणि म्हणाले, "बेटा, गेंद उधर रख दो." बड्डेने गेंद उधर रखली, परत आला आणि वहीत त्या गृहस्थांच्या नावाने खातं उघडलं. त्यात आजतागायत एकच नोंद आहे, नावे बाजूला.

आता तो सामना. आंतरमहाविद्यालयीन अंतिम सामना, आमच्याच कोर्टावर. वीस-वीस मिनिटांचे दोन भाग असत तेव्हाची गोष्ट. शेवटचे काही सेकंद, आम्ही एका गुणाने मागे. बड्डे चेंडू घेऊन रिंगखाली घुसला, त्यांच्या धिप्पाड सेंटरने वरून हात मारला, बड्डे जमिनीवर. शिट्टी वाजली. पंचांनी दोन बोटं दाखवली : शूटिंग फाउल, दोन फ्री थ्रो. अख्खं कॉलेज नाचायला लागलं, आणि बड्डे कपडे झटकत उठून पंचांशी भांडायला लागला.

"सर, मैं शूट नहीं कर रहा था। मैं पास दे रहा था।"

पंच थक्क. आपल्याला मिळालेले दोन थ्रो परत करणारा खेळाडू त्यांनी पाहिला नव्हता. बड्डेचा मुद्दा कायद्याला धरून होता. पास देताना फाउल झाला तर तो शूटिंग फाउल नव्हे. कॅप्टनने त्याला दंडाला धरून रेषेवर आणून उभा केला.

फ्री थ्रो म्हणजे बड्डेसारख्याचा छळ. समोर कुणी आडवा नाही, शेजारी कुणी मोकळा नाही, पाच सेकंदांत चेंडू सोडायचा आणि तोही स्वतःच. त्याने सवयीने डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं. स्टेशनवरच्या कर्ण्यातून मुंबई-हावडा मेल उशिराने धावत असल्याचं ऐकू येत होतं. पहिला थ्रो रिंगवर दोनदा नाचून आत पडला. बरोबरी. दुसरा रिंगच्या पुढच्या कडेला लागून उलटा आला तो थेट माझ्या हातात. मी वर ठेवला. जिंकलो.

मला खांद्यावर घेतलं. बड्डेही खांदा द्यायला आला, पण त्याचा खांदा माझ्या तळव्यालाही लागेना, म्हणून त्याने माझा एक बूट हातात धरून मिरवला. संध्याकाळी वहीत पाहिलं तर माझ्या पानावर नवी नोंद : 'रिंगमार्गे दिला. असिस्ट १.'

"अबे, तो चुकला होता तुझा!"

"तू कुठं उभा होता ते पाहून नव्हतो राहिलो का मी?"

अजून मला खात्री नाही, आणि हीच त्याची बदमाशी.

त्या विजयाचा फोटो कॉलेजच्या जिन्यात लावला. मागे उंच मुलं उभी, मध्ये प्राध्यापक मंडळी खुर्च्यांवर, पुढे सतरंजीवर बड्डे, आणि बड्डेच्या पुढे ढाल. ढाल जरा मोठी निघाली. निरखून पाहिलं तर तिच्या वरच्या कडेला थोडे केस दिसतात आणि खालून दोन गुडघे.

पुढे त्याने एलएल.बी. केलं आणि हायकोर्टात एका नामांकित सीनियरकडे लागला. हायकोर्टाची इमारत १८८९ सालची. छतं इतकी उंच की त्यांच्याखाली सगळेच वकील बुटके. बड्डे तिथं एकदम खुलला. सीनियर सव्वासहा फूट, आवाज मेघासारखा, पण ऐन युक्तिवादात संदर्भ विसरायचे. ते विसरण्याच्या अर्धा सेकंद आधी मागून, कमरेच्या उंचीवरून, नेमक्या पानावर उघडलेलं पुस्तक त्यांच्या हातात येई. न्यायमूर्तींना वाटे, काय स्मरणशक्ती आहे! आणि इथं एक मोठी गोष्ट घडली. हायकोर्टाच्या आदेशात वकिलांची नावं लिहितात तेव्हा 'अमुक, वरिष्ठ अधिवक्ता, सोबत तमुक' असं लिहायची पद्धत आहे. तो तमुक म्हणजे बड्डे. आयुष्यात पहिल्यांदा अधिकृत कागदावर त्याच्यासाठी जागा निघाली. पहिल्या आदेशाची प्रत त्याने लॅमिनेट करून आईला नेऊन दिली. आईने सगळं वाचलं आणि म्हणाली, "नाव शेवटी का रे?"

वही मात्र चालूच राहिली. गोलबाजारच्या दत्तमंदिरातल्या कुणाच्या मुंजीला आचारी मिळवून दिला, कुणाच्या सासऱ्यांना मे महिन्यात नागपूरचं कन्फर्म तिकीट मिळवून दिलं, कुणाचं जुनं घर खटल्यातून सोडवलं; सगळं तारीखवार. लोक त्याला कामापुरतं आठवतात आणि लग्नपत्रिका द्यायला विसरतात. तो रागावत नाही, फक्त लिहितो. पत्रिका विसरलेल्यांपैकी दोघांनी परवा त्याची माफी मागितली, ती निव्वळ वहीच्या धाकाने.

माझं लग्नही त्याचंच. स्थळ त्याने काढलं, पत्रिका त्याने जुळवून आणली, पाहायला जाताना बरोबर आला. मुलीच्या वडिलांनी त्याला "बाळ, कितवीत आहेस?" असं विचारलं, ते त्याने गिळलं. मी तोंडाला कुलूप लावून पोहे खात बसलो होतो. माझ्या आवडीनिवडी, माझी नोकरी, मी किती शांत स्वभावाचा आहे, हे सगळं बड्डेने सांगितलं. मला फक्त शेवटी हो म्हणायचं होतं.

मागच्या दिवाळीत फराळाला आला तेव्हा हिने हट्टच धरला. "भावजी, आमच्या लग्नाची नोंद दाखवाच." बड्डेने आढेवेढे घेतले, मग बॅगेतून जुनी लाल वही काढली. बॅगेत ती होतीच, म्हणजे आढेवेढे खोटे. माझं पान उघडलं. तारीख होती, 'गोलबाजार' होतं, 'हातात नेऊन दिला' हेही होतं. असिस्टच्या रकान्यात मात्र आकडा नव्हता. तिथं वकिली अक्षरात लिहिलं होतं : 'निकाल प्रलंबित.'

हिने चष्मा लावून ते वाचलं, एकदा माझ्याकडे पाहिलं आणि वही मिटून त्याच्या हातात दिली.

"राहू द्या भावजी तसंच," ती म्हणाली. "आणखी चकल्या आणू?"