नाना अजून घरपट्टी भरतात

कोकणातलं घर आपलंच आहे हे सिद्ध करायला आमचा पुतण्या न्यू जर्सीहून आला. वाडीत पाऊल टाकतो न टाकतो तोच शेजारची आजी म्हणाली, "नानांचो नातू मां तू? नाक तसांच!" पुतण्याला वाटलं, झालं काम. पण सरकारदरबारी नाकाचा उतारा निघत नाही.

ग्रामपंचायतीत नमुना ८ निघाला. मालकाच्या रकान्यात नानांचं नाव. पुतण्या हरखला.

"हा करआकारणीचा उतारा," कारकून म्हणाला. "मालकीचा पुरावा नव्हे."

"मग पुरावा कोणता?"

"प्रॉपर्टी कार्ड. गावठाणाची मोजणी झाली की होईल."

२०२० पासून स्वामित्व योजनेचे ड्रोन गावोगाव फिरताहेत. आमच्या वाडीवरूनही एक घिरट्या घालून गेला. त्याला कौलं दिसली, वारस दिसले नाहीत.

वारस दिसायचे तर दिवाणी न्यायालयाचा वारसदाखला हवा. वकील म्हणाले, "१८२७ च्या मुंबई रेग्युलेशन ८ खाली अर्ज करू." म्हणजे एल्फिन्स्टनसाहेबाच्या अमदानीतला कायदा! पेशवाई बुडून जेमतेम नऊ वर्षं झाली होती. पुढे कंपनी गेली, राणी गेली, साहेब गेला. दप्तर तेवढं राहिलं.

नानांना सात मुलं. त्यांची प्रजा पुण्यापासून मेलबर्नपर्यंत पसरलेली, निम्म्यांची एका मुंजीपासून एकमेकांशी बोलाचाली बंद. सगळ्यांची संमती हवी. परदेशातल्यांनी मुखत्यारपत्र करायचं, त्यावर नोटरी, नोटरीवर अपॉस्टिल, आणि कागद इथे पोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत मुद्रांक. चौथ्या महिन्यात गेलात तर मुद्रांकाच्या जोडीला दंडही भरा.

सगळ्यात नडला नानांचा मृत्यूचा दाखला. नाना १९५८ साली गेले, आणि ते पान वाळवीनं खाल्लं. वाळवीकडून नक्कल मिळत नाही.

एकच काम बिनबोभाट झालं. घरपट्टीची थकबाकी निघाली, ती पुतण्यानं भरली. तू कोण, नानांचा कोण, दाखला कुठाय, असं कुणीही विचारलं नाही. पावती मात्र फाडली नानांच्याच नावे.

पुतण्या हळूच म्हणाला, "निदान नावाआधी 'कै.' तरी लावा."

कारकुनानं चष्म्यावरून पाहिलं. "लावतो की. मृत्यूचा दाखला आणा."