तब्येतीत चालणारी केस

डॉक्टरवर केस ठोकायची असेल तर प्रकृती उत्तम हवी. बीपी-शुगर आटोक्यात, गुडघे जिने चढणारे, नजर डॉक्टरी अक्षर लागेल इतकी तेज आणि घराण्यात नव्वदी गाठायची परंपरा. ज्याची प्रकृती बिघडवली गेली आहे, म्हणजे ज्याची मुळात तक्रार आहे, त्याने या भानगडीत न पडलेलं बरं. कायद्याची तशी मनाई नाही. उलट कायदा फार मायाळू आहे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ म्हणतो की तक्रार तीन महिन्यांत निकाली काढावी, काही तपासून घ्यावं लागलं तर पाच महिन्यांत. तारीख शक्यतो देऊ नये, दिलीच तर कारण लिहून ठेवावं. हे कलम वाचून दाखवताना एका वकीलबाईंचा गळा दाटून आला. हसू दाबलं की त्यांचं तसं होतं.

पहिला प्रश्न, तुम्ही ग्राहक आहात का? १९९५ साली सर्वोच्च न्यायालयाने इंडियन मेडिकल असोसिएशन विरुद्ध व्ही. पी. शांता या खटल्यात सांगून टाकलं की पैसे घेऊन केलेले उपचार ही सेवा आहे, सबब पेशंट ग्राहक आहे. डॉक्टर मंडळींच्या हे जिव्हारी लागलं. कालपर्यंत देव म्हणत होता आणि आज दुकानदार? (दुकानदाराला देव म्हणवून घ्यायची सोय कधीच नव्हती. तो बिचारा एमआरपीवर खूश.) २०१९ चा कायदा आल्यावर डॉक्टरांची एक संघटना मुंबई उच्च न्यायालयात गेली, की आता तरी आम्हाला यातून वगळा. तिथे जमलं नाही म्हणून दिल्लीला गेली. २०२२ मध्ये तिथेही जमलं नाही.

पण त्या १९९५ च्या निकालात एक मेख आहे. जिथे सगळ्यांवरच फुकट उपचार होतात, तिथला पेशंट ग्राहक नव्हे. खिडकीवर केस पेपरचे पैसे भरले म्हणून कोणी ग्राहक होत नाही. १५ ऑगस्ट २०२३ पासून महाराष्ट्राच्या आरोग्य विभागाने आपल्या रुग्णालयांतले उपचारच मोफत करून टाकले, त्यामुळे उरलीसुरली शंकाही फिटली. गरिबाने दिवाणी कोर्टात जावं आणि तिथे सरकार नावाच्या पक्षकाराशी लढावं. ज्याने पैसे मोजले त्याची बडदास्त वेगळी. त्याने कोणत्या ग्राहक आयोगापुढे जायचं हे त्याचं काय गेलं यावर ठरत नाही, त्याने किती भरले यावर ठरतं. ५० लाखांपर्यंत जिल्हा आयोग, २ कोटींपर्यंत राज्य, त्याहून वर राष्ट्रीय. पाय गेला की करंगळी, ते मागाहून बघू; आधी कॅश काउंटरची पावती दाखवा. ५ लाखांपर्यंतच्या बिलाला तक्रारीची फी शून्य आहे. साऱ्या प्रकरणात फुकट मिळणारी ही एकच गोष्ट, आणि ती फक्त उपचार विकत घेणाऱ्याला मिळते.

आणि घाई करायची ती तुम्हीच. दावा दोन वर्षांच्या आत दाखल झाला पाहिजे. दुसरं वर्षश्राद्ध उरकायच्या आत रडणं, सावरणं, वकील शोधणं आणि कागद मिळवणं आटपायचं.

कागदांचं प्रकरण रंगतदार आहे. डॉक्टरांच्या आचारसंहितेचा २००२ पासूनचा नियम सांगतो की पेशंटने मागितल्यापासून ७२ तासांत त्याचं रेकॉर्ड द्यायचं. हे ७२ तास बहुधा रेकॉर्ड रूमच्या साहेबांच्या हजेरीत मोजायचे असतात. साहेब रजेवर, फाइल विम्याच्या टीपीएकडे, शिक्का दुसऱ्या इमारतीत. शेवटी जो गठ्ठा हाती येतो तो इतका देखणा असतो की आपणच खजील व्हावं. तीन पाळ्यांतल्या तीन सिस्टर, तिघींचं अक्षर एक, शाई एक, आणि पेशंटची नाडी दर तासाला ८२. शेवटच्या तासालाही ८२. सोबत तुमच्या सहीचं संमतीपत्र. स्ट्रेचर लिफ्टपाशी असताना, पेन कोणाचं ते न बघता केलेली सही. त्यात मराठीत न सापडणाऱ्या एकूण एक संकटाला तुम्ही आनंदाने होकार दिलेला असतो.

मग लागतो तज्ज्ञ. डॉक्टर चुकला की नाही हे डॉक्टरच सांगणार, कारण इतरांना ते कळत नाही. फौजदारी खटल्यासाठी तर सर्वोच्च न्यायालयाच्या २००५ च्या जेकब मॅथ्यू निकालाने नेमच घालून दिला, की आधी दुसऱ्या डॉक्टरचं, शक्यतो सरकारी डॉक्टरचं, निःपक्षपाती मत घ्या आणि निष्काळजीपणा ठळक, ढळढळीत असेल तरच पुढे जा. कारण रास्त आहे. शस्त्रक्रियेच्या टेबलावर डोक्यात पोलीस असला तर हातातली सुरी थरथरते, आणि प्रत्येक मृत्यू हा गुन्हा नसतो. हेही मान्य, की नातेवाइकांनी एक समांतर न्यायसंस्था उघडलेली आहे. तिथे तारीख पडत नाही, तज्ज्ञ लागत नाही, निकाल कॅज्युअल्टीच्या दारातच काचेवर लिहिला जातो. शिक्षा होते ती रात्रपाळीच्या निवासी डॉक्टरला, ज्याने पेशंटला अजून हातही लावलेला नसतो. असे हल्ले रोखायला महाराष्ट्राने २०१० मध्ये वेगळा कायदा केला. काच फुटण्याची दखल कशी लगेच घेतली जाते, ते यावरून दिसतं.

पण तज्ज्ञ. तो तुमची फाइल चाळतो, चष्मा काढतो आणि म्हणतो, ‘हे असं करायला नको होतं हो त्यांनी.’ तुम्ही आशेने कागद पुढे सरकवता. ‘नाही, लिहून नाही देणार. आमच्या कॉन्फरन्सला भेटतात ते.’ जो लिहून देतो तो लिहितो की ही ज्ञात गुंतागुंत आहे. म्हणजे असं होऊ शकतं हे सगळ्यांना ठाऊक होतं, त्यामुळे झालं तर कोणाचा दोष नाही. मेडिकल कौन्सिलकडे दाद मागावी म्हणाल तर अवश्य मागा. तिथे निकाल डॉक्टरच्या विरुद्ध गेला तर वर राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाकडे जायची वाट त्या आयोगाच्या २०१९ च्या कायद्याने त्याला आखून दिली आहे. तुमच्या विरुद्ध गेला तर? कायद्यात त्या जागी तुमचा उल्लेख नाही.

असं असूनही माणसं जिंकलेली आहेत. मे १९५३ मध्ये रत्नागिरी जिल्ह्यातल्या पालशेतच्या किनाऱ्यावर एका वीस वर्षांच्या मुलाची मांडी मोडली. त्याला पुण्याला आणलं. डॉक्टरांनी भूल न देता, केवळ मॉर्फिनवर, ओढून पाय जागेवर बसवला आणि प्लास्टर घातलं. मुलगा त्याच रात्री गेला. आईवडील कोर्टात गेले आणि मे १९६८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने कौल दिला. भरपाई रुपये तीन हजार. डॉक्टरची कर्तव्यं काय हे सांगायला वकील आजही हाच निकाल काढतात.

दुसरा विजय कोलकात्याचा. अनुराधा साहा मे १९९८ मध्ये त्वचेच्या आजाराने गेल्या; चुकीच्या औषधयोजनेबद्दल सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०१३ मध्ये सुमारे ५ कोटी ९६ लाख रुपये आणि वर व्याज मंजूर केलं. त्यांचे पती अमेरिकेतले डॉक्टर. म्हणजे तज्ज्ञ घरचाच होता. आता दोन्ही खटले शेजारी ठेवून बघा. तीन हजारांचे सहा कोटी झाले, पण वेळ? तेव्हाही पंधरा वर्षं, आताही पंधरा वर्षं. महागाईने सगळं गिळलेल्या काळात एवढा एक भाव देशाने स्थिर ठेवला आहे आणि त्याचं कौतुक कोणी करत नाही.

सगळ्यात सोपी केस म्हणजे जिथे तज्ज्ञच लागत नाही. २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की प्रत्येक दाव्यात तज्ज्ञाचं मत हवंच असं नाही. काही घटना स्वतःच बोलतात. उदाहरणार्थ, पोटात राहिलेलं फडकं. चूक व्हायचीच असेल तर अशी व्हावी, अशी कोणत्याही वकिलाची मनोमन इच्छा असते. औरंगाबादच्या सरकारी रुग्णालयात जुलै १९६३ मध्ये एका बाईंचं बाळंतपण झालं, पाठोपाठ नसबंदीची शस्त्रक्रिया झाली आणि पोटात टॉवेल राहिला. पुन्हा पोट उघडून तो काढला, पण बाई वाचल्या नाहीत. खालच्या कोर्टाने ३६ हजार रुपये दिले. उच्च न्यायालयाने ते रद्द केले; त्याच्या मते दवाखाना चालवणं हा सरकारचा सार्वभौम अधिकार होता. एरवी आपण राजद्वारी उभे आहोत हे बाळंतिणींच्या वॉर्डात सहसा ध्यानात येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने ते ३६ हजार परत दिले, फेब्रुवारी १९९६ मध्ये. घटना पहिल्या दिवसापासून बोलत होती. ऐकायला ३२ वर्षं लागली.

म्हणून हल्ली अनुभवी वकील फाइल उघडायच्या आधी पक्षकाराला तपासतात.

‘काका, वय?’

‘एकाहत्तर.’

‘शुगर?’

‘आहे थोडी.’

‘मुलगी?’

‘पंचेचाळीस. तिलाही आहे.’

वकीलसाहेब पेन खाली ठेवतात, खिडकीबाहेर बघतात, आणि मग जरा आशेने विचारतात, ‘नात कितवीत आहे?’

‘दुसरीत.’

‘मग हरकत नाही. लावू दावा.’