अण्णा आहेत का घरात?

ही चौकशी दारातच होते. सकाळी अकरा वाजता अण्णा घरातच असणार हे विचारणाऱ्याला पक्कं ठाऊक असतं. मी घरात नाही ना, एवढीच त्याला खात्री करून घ्यायची असते. म्हणून दार मी उघडलं की त्याचा चेहरा पडतो. "अरे वा, आज सुट्टी वाटतं?"

उसनवारीवाला हा गृहस्थ पेन्शनबरोबरच सुरू होतो. कुणाकडे तो लांबचा भाचा असतो, कुणाकडे ऑफिसातला जुना सहकारी. आमच्याकडे दोघेही येतात, सुदैवाने एका वेळी नाही.

आल्याआल्या पैशाचं नाव काढील तर शपथ. आधी गुडघे, मग बीपी, मग "अण्णा, तुमच्यासारखा दिलदार माणूस आता व्हायचा नाही." इथे अण्णा खुर्चीत सरसावून बसतात. आम्ही त्यांना दिवसभर 'गोळी घेतली का' यापलीकडे काही विचारत नाही; त्यांच्याकडे मागायला येणारा हा एकटाच. लगेच "सूनबाई, चहा टाक. साखर जरा जास्त, याला गोड लागतो," अशी ऑर्डर सुटते. डायबिटीस अण्णांना आहे.

त्याची खरी करामत तारखांत. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेचं व्याज एप्रिल, जुलै, ऑक्टोबर आणि जानेवारीच्या 1 तारखेला जमा होतं. अण्णा विसरतात, हा विसरत नाही. कुणाची फी, कुणाचं बाळंतपण, छपराचे पत्रे, सगळं नेमकं याच महिन्यांत निघतं. एरवी घरी आबादीआबाद. मागणीही बेताची, साडेएकोणीस हजार. 20 हजार किंवा त्याहून जास्त रक्कम रोखीने उसनी घेऊ नये असा आयकराचा दंडक आहे, आणि कायद्याबाहेर पाऊल टाकणाऱ्यांतला तो नव्हे.

मी खाकरतो. ठेव मुदतीआधी मोडली तर पैसे कापून घेतात, हे सांगतो. तो हसून म्हणतो, "ठेवीला कशाला हात लावायचा? व्याजातूनच बघू की!" मग मी चेकने देतो म्हणतो, शिवाय वचनचिठ्ठी लिहू, रुपयाचं रेव्हेन्यू तिकीट माझ्याकडेच आहे. त्याचा कप ओठाशीच थबकतो. "आपल्यात कागद? अण्णांनी कधी मागितला नाही!"

अगदी खरं. अण्णांच्या डायरीच्या मागच्या पानांवर नावं आहेत, रकमा आहेत आणि 'परत' असा एक स्वच्छ रकाना आहे. उधारीचा दावा साधारण तीन वर्षांत मुदतबाह्य होतो. ते कलम त्याने वाचलेलं नसावं. पण पहिल्या दिवाळीला बाजारात आम्हाला बघून गल्लीत शिरणारा हा माणूस चौथ्या दिवाळीला स्वतःहून हाक मारतो.

"बघतो, कळवतो," म्हणून मी विषय मिटवतो. अण्णा पेपर उघडून तोंडासमोर धरतात. दिवसभर माझ्याशी बोलणार नाहीत. पाहुणा मात्र रागावत नाही. चपला घालताना माझ्या खांद्यावर हात ठेवतो.

"बरं केलंस हो. म्हातारपणी व्यवहार असा कुणीतरी हातात घ्यायलाच हवा. तुझा पगार 1 तारखेलाच होतो ना?"