टँक व्हायला माणूस मिळेना

खेळ अजून आलेला नाही. कधी येणार, हे तो बनवणाऱ्यांनाही ठाऊक नसावं. आलाय तो नुसता ट्रेलर. त्यात एक पडका किल्ला, एक ड्रॅगन आणि एक वीरांगना, जिचं चिलखत असं बेतलंय की बाण लागायच्या तेवढ्या जागा नेमक्या उघड्या राहाव्यात. एवढ्या भांडवलावर माझा पुतण्या आणि त्याचे मित्र इथे भिलाईत रात्र रात्र जागून बैठका घेताहेत. अजेंड्यावर विषय एकच: खेळ आला की कोणी कोणता क्लास घ्यायचा?

ज्यांची मुलं अजून कॅरमवर समाधानी आहेत अशा भाग्यवान वाचकांसाठी थोडं सांगतो. असल्या ऑनलाइन अद्भुतनगरीत शिरायचं तर वेशीवरच आपण कोण ते सांगावं लागतं. तलवारवाला, जादूगार, धनुर्धर, वैदू, चोर, झालंच तर वाद्य वाजवून फौजेला चेव आणणारा भाट. याला क्लास म्हणतात. 1974 साली अमेरिकेत ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा कागद, पेन्सिल आणि फाशांचा खेळ निघाला तेव्हा क्लास तीनच होते: लढवय्या, जादूगार आणि धर्मगुरू. चोर पुढच्या वर्षी आला. समाजरचनेच्या अभ्यासकांनी हा क्रम टिपून ठेवावा. चोराला यायला थोडा उशीर होतो, पण एकदा आला की तो जात नाही.

तिघांत भागायचे ते दिवस गेले. ‘अ‍ॅशेस ऑफ क्रिएशन’ नावाच्या खेळाने 2017 साली किकस्टार्टरवर 32 लाख डॉलरच्या वर वर्गणी गोळा केली आणि आठ मूळ प्रकारांना आठांनी गुणून चौसष्ट क्लास जाहीर केले. चौसष्ट कला आपल्याकडेही होत्या, फक्त त्या शिकाव्या लागत. हा खेळ अर्धामुर्धा का होईना, पण सर्वांसाठी उघडला तो 2025 च्या डिसेंबरात. म्हणजे अकरावीत असताना ज्याने ‘होईन तर जादूगारच होईन’ अशी शेंडीला गाठ मारली, तो नोकरीला लागून, हप्ते भरून, शेंडीपुरतेही केस उरले नसताना जादूगार झाला. मधल्या काळात त्याने काय केलं? चर्चा. विजेची कांडी घ्यावी की बर्फाची, यावर वर्षानुवर्षं तो भांडला, तेही दोन्ही कांड्या हातात न धरता. माझं तर मत असं की हाच खरा खेळ. ड्रॅगन निमित्ताला.

आम्हा भिलाईकरांना या वाट पाहण्याचं नवल नाही. आयआयटी भिलाई 2016 साली सुरू झाली ती रायपूरच्या सेजबहारला, एका सरकारी इंजिनिअरिंग कॉलेजच्या आवारात. नाव भिलाई, पत्ता रायपूर. कुटेलाभाठ्याच्या कायमच्या आवाराचं लोकार्पण झालं फेब्रुवारी 2024 मध्ये. तोवर ‘आमच्या गावात आयआयटी आहे’ हे वाक्य आम्ही ट्रेलरच्या भरवशावरच नातेवाइकांना ऐकवत होतो.

आणि क्लासचं म्हणाल तर हे गाव उभंच त्यावर राहिलंय. वर्गविहीन समाजाची स्वप्नं पाहणाऱ्या सोव्हिएत रशियाशी 1955 साली इथल्या पोलाद कारखान्याचा करार झाला. 4 फेब्रुवारी 1959 ला राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते पहिल्या ब्लास्ट फर्नेसचं उद्घाटन झालं. भोवती सेक्टर वसले. आणि या साम्यवादी मदतीतून असं गाव निघालं, की जिथे माणसाचा क्लास त्याच्या क्वार्टरच्या खिडक्या मोजून रस्त्यावरूनच सांगता येतो. एस-वन ते एस-इलेव्हन हे कामगारांचे ग्रेड, त्याच्या वर ई-वाले साहेब. इथे कोणी ओळख करून देताना आडनाव सांगायची घाई करत नाही. सेक्टर सांगतो, डिपार्टमेंट सांगतो, ग्रेड सांगतो. एवढ्यावर समोरच्या मावशी मनातल्या मनात पगार, पीएफ, बागेतली आंब्याची झाडं आणि मुलीची पत्रिका असा सगळा हिशेब उरकतात. स्क्रीनवर डोक्यावर तरंगणारी लेव्हलची पाटी या पोरांना नवीन वाटते. आमच्या गावात ती कधीची तरंगतेय, नुसती दिसत नाही.

दादाची, म्हणजे पुतण्याच्या बापाची, सगळी नोकरी ब्लास्ट फर्नेसवर गेली. पोराने मोठ्या कौतुकाने त्याला ट्रेलर दाखवला. ड्रॅगनने जबडा उघडला आणि आग ओकली. दादाने चष्मा कपाळावर सरकवला, ती आग नीट निरखली आणि म्हणाला, “लीक मारून राहिला हा. शटडाऊन घ्या म्हणा.” त्याचं तरी काय चुकलं? आठ नंबरच्या फर्नेसचं नावच महामाया, पोट 4060 घनमीटरचं, 2018 पासून धगधगतेय. तिच्या तोंडातून दीड हजार अंशांच्या आसपासचा रस निघतो. अशा देवतेच्या सहवासात ज्याने सी शिफ्ट काढल्या, त्याला पंखवाल्या पालीचं काय कौतुक!

असो. बैठकीत गाडी अडली आहे ती टँकवर. पाच जणांच्या टोळीचं गणित जगभर ठरलेलं असतं. एक टँक, एक हीलर, तिघे मारणारे. टँकचं काम सगळ्यात पुढे उभं राहायचं, शत्रूला शिव्या घालून त्याचं लक्ष आपल्याकडे ओढायचं आणि मार खायचा. हीलरचं काम मागे उभं राहून टँकला मलमपट्टी करायची. बाकी तिघे रुबाबात तलवारी फिरवतात, आणि सगळे मेले की टँकला आणि हीलरला विचारतात, “काय करून राहिले होते बे तुम्ही?” आमच्या टोळीत पोरं पाच आणि पाचही जण मारणारे. तिघे जादूगार, दोघे काळ्या बुरख्यातले चोर. टँक व्हायला कोणी तयार नाही, आणि हीलर हा शब्द निघाला की एकेकाचं नेट जातं.

मराठी माणसाला हे समजावून सांगायला नको. कुठल्याही गणेशोत्सव मंडळाची पहिली सभा आठवा. नाटकात नायक व्हायला सात जण, माइक हातात घ्यायला अकरा, आरतीचं तबक धरायला तर रांगच. खजिनदार कोण होणार म्हटलं की सभागृहात अचानक सगळ्यांच्या चपला हरवतात. खजिनदार म्हणजे टँक: वर्षभर सगळ्यांचा मार खाणार आणि शेवटी हिशेबात साडेतीनशे रुपये कमी पडले म्हणून वैकुंठापर्यंत बोलणी ऐकणार. प्रॉम्प्टर म्हणजे हीलर. त्याच्यावाचून नायक दुसऱ्याच वाक्याला गतप्राण होतो, पण टाळ्यांच्या वेळी तो पडद्याआड असतो.

ही अडचण एवढी जागतिक आहे की ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’वाल्यांनी 2011 साली सरळ लाच सुरू केली. ज्या भूमिकेला माणूस मिळत नाही ती पत्करणाऱ्याला एक जादा पोतडी बक्षीस. त्यात सोनंनाणं, औषधं, नशीब असलं तर एखादं वाहनही. आमच्या मंडळांनी विचार करायला हरकत नाही. खजिनदाराला निदान मोदकांचं एक जादा ताट.

त्याच खेळातला दुसरा नियम मला फार आवडला. तिथे पैसे भरले की नाव बदलता येतं, वंश बदलता येतो, इतकंच काय, ज्या सैन्याशी काल लढलो त्याच सैन्यात आज जाता येतं. क्लास तेवढा बदलता येत नाही. योद्धा म्हणून जन्मलात की योद्धा म्हणूनच हिंडा. हे वाचून मी थोडा चक्रावलो. बाजू बदलायला पैसे भरायचे? मुंबईतल्या आमदारांना हा खेळ दाखवला तर ते कंपनीला वेड्यात काढतील. हा व्यवहार उलट दिशेनेही होऊ शकतो, हे अमेरिकेत अजून कोणाला सुचलेलं दिसत नाही.

क्लास बदलता येत नाही, या गोष्टीवर पोरांच्या बैठकीत मी एकदा नाक खुपसलं. म्हटलं, इथून जवळच गनियारी नावाचं गाव आहे, तिथल्या तीजनबाईंनी तो बदलला होता. त्या पंडवानी, म्हणजे इकडचं महाभारताचं लोकगायन, गातात. तिचे दोन प्रकार. वेदमती, म्हणजे बसून गायची. कापालिक, म्हणजे उभं राहून, नाचून, अंगात महाभारत आणून. बायकांनी गायचंच तर बसून, ही रीत. (कोरियन खेळांत हे अजून चालतं. अमुक क्लास घेतला तर पात्र पुरुषच, तमुक घेतला तर बाईच. याला जेंडर लॉक म्हणतात आणि पोरं त्यावर रागारागाने पानंच्या पानं लिहितात.) तीजनबाईंनी पानं लिहिली नाहीत. तेराव्या वर्षी त्या उभ्या राहिल्या आणि कापालिक गायल्या. जातीने वाळीत टाकलं, वेगळी झोपडी बांधून राहावं लागलं, पण त्या परत बसल्या नाहीत. पुढे भिलाई स्टील प्लांटमध्ये नोकरी मिळाली, 2019 ला पद्मविभूषणही.

मग मी मोबाइलवर त्यांचा कार्यक्रम लावून दिला. हातात मोरपिसं लावलेला तंबोरा. तो खांद्यावर गेला की भीमाची गदा, आडवा धरला की अर्जुनाचं धनुष्य, मोकळा सोडला की द्रौपदीचे केस. मार देणारीही तीच, मार खाणारीही तीच, मध्येच थांबून लोकांना चिमटा काढणारी भाटही तीच. मागे बसलेले वादक आणि ‘हव’ म्हणून हुंकार भरणारा रागी, तेवढीच काय ती टोळी. पोरं गप्प झाली. भीमाने दुःशासनाला आडवा केला तसा एक जादूगार पुटपुटला, “ओव्हरपॉवर्ड आहे यार.” पुतण्या जाणत्या सुरात म्हणाला, “काका, अशा कॅरेक्टरला नर्फ करतात. म्हणजे पंख छाटतात. बॅलन्स बिघडतो ना.”

“करून पाहिलं होतं रे,” मी म्हटलं.

पण एवढ्याने कोणी टँक व्हायला तयार झालं नाही. उभं राहून गाणं वेगळं, उभं राहून मार खाणं वेगळं, असं त्यांचं म्हणणं पडलं.

खरं तर या पोरांचा क्लास दहावीच्या निकालादिवशीच ठरून गेलेला. आमच्याकडे तेव्हा प्रश्न एकच असतो: मॅथ्स की बायो? बायो म्हणजे हीलर, मॅथ्स म्हणजे टँक. कॉमर्स घेतलेल्याकडे मावश्या चोराचा क्लास घेतल्यासारख्या बघतात, आणि पुढे काकांचे टॅक्सचे कागद घेऊन त्याच्याच दारात उभ्या राहतात. मॅथ्स घेतलं की सिव्हिक सेंटरच्या बाजूची कोचिंग, दोन वर्षं रोज मार, आणि मग जोसाची, म्हणजे आयआयटी-एनआयटीच्या प्रवेशाची, चॉइस फिलिंग. आमच्या घरी नुकतीच ती पार पडली. दीडशेच्या वर पर्याय उतरत्या क्रमाने भरलेत. ते दादाने भरले, मामाने तपासले आणि नागपूरच्या आत्याने फोनवरून वर-खाली केले. पोराला एकदाच विचारलं: “ओटीपी आला का?”

म्हणूनच तिकडे क्लास निवडायला तो इतका वेळ लावत असावा. तिथे ओटीपीही त्याचा आणि यादीही त्याची. परवा रात्री एकदाची बैठक संपली. वीरांगनेच्या किल्ल्याची आगाऊ नोंदणी उघडली होती, चार जणांनी डोळे वटारले, आणि पुतण्याने तोंड पाडून हीलरवर बोट ठेवलं. दादा शेजारीच जोसाचं दुसऱ्या राउंडचं पान उघडून बसला होता. त्याने मान वळवून स्क्रीनवर नजर टाकली.

“काय घेतलं?”

“हीलर.”

“फ्रीझ केलं?”

“म्हणजे... हो. लॉक केलं.”

“येडा आहे का तू?” दादाने कपाळावर हात मारला. “एवढं शिकवलं तुला! पहिल्याच राउंडला फ्रीझ करतात का कोणी? फ्लोटवर टाक. वरचे दोन जादूगार कोट्याला पळतील, सीट सुटते की नाही बघ.”