हरळीचे लाड
शेतात हरळी शिरली की शेतकऱ्याच्या तोंडचं पाणी पळतं. पुण्यातल्या सोसायट्यांत मात्र तीच हरळी चौरस फुटाच्या भावाने आणतात आणि जावयासारखी पोसतात. मग तण कोण? आंबुटी, एकदांडी, घोळ. मंडईतली घोळ जुडीने घ्यायची, लॉनमधली उपटून फेकायची! उपटायला कंबर वाकत नाही, म्हणून टू-फोर-डी. हे औषध मोठं चोखंदळ: गवताला सहसा धक्का लावत नाही, रुंद पानांच्या तणांना तेवढं पिळवटून मारतं. वारा सुटला तर तळमजल्यावरच्या काकूंच्या टोमॅटोचीही पानं मुरडतात, पण काकू कमिटीवर नाहीत. आंबुटी या औषधाला फारशी जुमानत नाही, ती पुन्हा हजर. माळीबुवा सांगतात, "साहेब, गवत जरा उंच कापा, दाटलं की तण दबतं." फुकटचा सल्ला! पुढच्या रविवारी पुन्हा फवारणी ठरली आहे.