चार क्रेडिटांचे कौशल्य

सामंजस्य कराराचा फोटो झकास आला आहे. प्राचार्य आणि कारखान्याचे एचआर साहेब एकच फाईल दोन बाजूंनी धरून उभे, मध्ये पुष्पगुच्छ. नव्या शैक्षणिक धोरणानुसार ओजेटीला (ऑन द जॉब ट्रेनिंग) 4 क्रेडिट, म्हणजे 120 तास. एवढ्या वेळात सफाळ्याची पोरे तारापूर एमआयडीसी कोळून पिणार, यात शंका नाही.

प्रगती दिसतेच आहे. शेजारचा बी.एस्सी. केमिस्ट्रीचा मुलगा पंधरा दिवसांत गेटवरच्या रजिस्टरात नाव, वेळ आणि सही एका ओळीत बसवू लागला. रिअ‍ॅक्टरही त्याने पाहिला. लांबून, सुरक्षेच्या कारणास्तव. झेरॉक्स तर पाठपोट काढतो!

आमची एकच नम्र सूचना. तारापूर एमआयडीसीसाठी सफाळ्याहून केळवे रोड, पालघर, उमरोळी करत बोईसर गाठायचे, म्हणजे डहाणू लोकल आलीच. ती चुकल्यावर फलाटावर तोल न ढळू देता उभे राहणे हेही कौशल्यच. त्याचे 2 क्रेडिट द्यावेत आणि रेल्वेशीही करार करावा. पुष्पगुच्छ आमच्याकडून.

परवा शेजारच्या मुलाला प्रमाणपत्र मिळाले. ते घेऊन बाहेर पडताना गेटवर नवा बोर्ड दिसला: केमिस्ट पाहिजे. अनुभव किमान 2 वर्षे. ओजेटी धरली जाणार नाही.